समन्स एका गावाचे, न्यायालय दुसऱ्या गावात: न्यू जर्सीतील संयुक्त आणि सामायिक म्युनिसिपल कोर्टांचे अधिकारक्षेत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तिकीट मिळाले. तिकिटावर एका टाउनशिपचे नाव आहे. सुनावणीची जी नोटीस नंतर टपालाने आली, तिच्यावर शेजारच्या बरोमधील इमारतीचा पत्ता आहे. पोलिसाने गाडी प्रत्यक्ष थांबवली ती या दोन्ही गावांच्या हद्दीबाहेर, तिसऱ्याच गावात. ज्या गावात काही घडलेच नाही तिथल्या न्यायालयाला हे प्रकरण चालवण्याचा अधिकार आहे काय, आणि नसेल तर तिकीट आपोआप रद्द होईल काय, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. नोटिशीवरील पत्त्यावरून अधिकारक्षेत्राबद्दल बहुधा काहीच सिद्ध होत नाही. गाडी कुठे थांबवली गेली, यावरूनही फारसे काही ठरत नाही. उल्लंघन कोणत्या गावाच्या हद्दीत घडल्याचा आरोप आहे आणि समन्स, म्हणजे ते तिकीट, ज्या न्यायालयाच्या नावाने निघाले त्याची हद्द तिथवर पोचते का, एवढ्या दोनच गोष्टी निर्णायक असतात. हद्दीबाबत खरोखरच चूक झालेली असली, तरी तिचा परिणाम बहुतेक वेळा प्रकरण योग्य न्यायालयाकडे वर्ग होण्यात होतो. ते निकालात निघेल, अशी आशा त्यावर बांधू नये.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे न्यायालयाची हद्द जिल्हा आणि तालुका यांच्याशी जोडलेली असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन स्वतंत्र महानगरपालिका असल्या तरी दोन्ही शहरांवर पुणे जिल्हा न्यायालयाचीच अधिकारिता चालते आणि न्यायाधीशाची नेमणूक महापौराच्या हातात नसते. न्यू जर्सीत सर्वांत खालच्या पायरीवरचे न्यायालय मात्र मुळात गावाचे असते. राज्यात २१ काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आणि ५६४ नगरपालिका आहेत. टाउनशिप, बरो, सिटी, टाउन आणि व्हिलेज अशी त्यांची नावे निरनिराळी असली तरी प्रत्येकीला म्युनिसिपल कोर्टाची सोय करावीच लागते. राज्याच्या कायद्याच्या शीर्षक २बी मधील कलम १२-१ ने हे बंधन घातले आहे. ही सोय प्रत्येक गावाने एकट्यानेच केली पाहिजे, असे मात्र ते कलम म्हणत नाही. शेजारच्या गावाबरोबर जाण्याचे दोन वेगळे मार्ग त्यात दिलेले आहेत, आणि वरच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंपैकी कोणता मार्ग त्या गावांनी धरला आहे, यावर बरेचसे अवलंबून आहे.

पहिला मार्ग संयुक्त न्यायालयाचा आहे. दोन किंवा अधिक नगरपालिका आपापल्या नगरमंडळात ऑर्डिनन्स, म्हणजे गावापुरता कायदा, संमत करून एकच न्यायालय स्थापन करतात, त्याला एक नाव देतात आणि कराराची प्रत राज्याच्या न्यायालयीन प्रशासन संचालकांकडे दाखल करतात. मॉरिस काउंटीत मॅडिसन, चॅटम आणि आसपासच्या गावांसाठी चालणारे संयुक्त न्यायालय हे याचे चांगले उदाहरण आहे. अशा न्यायालयाची हद्द त्यात सामील झालेल्या सगळ्या गावांची मिळून असते. कलम १२-१६ प्रमाणे, त्यांपैकी कोणत्याही गावाच्या हद्दीत उद्भवलेले प्रकरण ते चालवू शकते. उल्लंघन एका गावात घडले आणि इमारत दुसऱ्या गावात आहे, हा आक्षेप इथे निरर्थक ठरतो. किंबहुना सामील गावांपैकी नेमक्या कोणत्या गावात ते घडले याबद्दल वाद असला, तरी त्याने न्यायालयाची अधिकारिता जात नाही. दंडाचा कोणता वाटा कोणाच्या तिजोरीत जायचा, एवढाच प्रश्न मागे राहतो, आणि तो त्या गावांनी आपसात सोडवायचा असतो.

दुसरा मार्ग सामायिक व्यवस्थेचा आहे. इथे गावे आपापली न्यायालये कायम ठेवतात. न्यायदालन, न्यायाधीशांचे कक्ष, साहित्य आणि कर्मचारी एवढेच वाटून घेतले जाते. कायद्याने स्पष्टच म्हटले आहे की, अशा व्यवस्थेत प्रत्येक न्यायालयाची स्वतंत्र ओळख आदेशांच्या आणि समन्सच्या शीर्षस्थानी दिसत राहिली पाहिजे. इमारत एक, खिडकी एक, पुष्कळदा कारकूनही एकच. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती दोन न्यायालये असतात आणि प्रत्येकाची हद्द आपापल्या गावापुरतीच राहते. सकाळचे सत्र एका गावाचे आणि दुपारचे दुसऱ्याचे, किंवा मंगळवार एकाचा आणि गुरुवार दुसऱ्याचा, अशी वाटणी असते. एका गावाच्या सत्रात दुसऱ्या गावातले प्रकरण चालवता येत नाही, न्यायाधीशाच्या खुर्चीत तीच व्यक्ती बसलेली असली तरीही.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही व्यवस्था सारख्याच दिसतात, आणि नगरपालिकांची स्वतःची संकेतस्थळेही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. म्हणून तिकीट हातात आले की शीर्षस्थानी काय छापले आहे ते आधी वाचावे. तिथे अनेक गावांसाठी मिळून असलेल्या संयुक्त न्यायालयाचे नाव असेल, तर पहिला प्रकार समजावा. एकाच गावाच्या न्यायालयाचे नाव असून पत्ता दुसऱ्या गावाचा असेल, तर दुसरा प्रकार असण्याची शक्यता अधिक. तरीही खात्री करायची असेल तर त्या गावाच्या क्लार्ककडे ऑर्डिनन्सची आणि कराराची प्रत मागावी. ती सार्वजनिक कागदपत्रे आहेत आणि मागणाऱ्याला मिळतात.

प्रश्नकर्त्यांच्या वर्णनावरून त्यांचे प्रकरण दुसऱ्या प्रकारातले दिसते. टाउनशिपचे न्यायालय कायम आहे आणि ते शेजारच्या बरोच्या इमारतीत भरते. त्यामुळे बरोमध्ये काही घडले नाही हे म्हणणे खरे असले तरी गैरलागू आहे. तिथे बसून न्यायनिवाडा करणारे न्यायालय टाउनशिपचेच आहे.

आता गाडी थांबवण्याच्या जागेविषयी. वेगाचे उल्लंघन जिथे रडारवर मोजले गेले तिथे घडते. दिव्यांची उघडझाप पाहून चालकाने सुरक्षित जागा शोधत अर्धा मैल पुढे जाऊन गाडी उभी केली आणि तोवर गावाची हद्द ओलांडली गेली, तरी प्रकरण आधीच्या गावाचेच राहते. आपल्या हद्दीत उल्लंघन डोळ्यांनी पाहून लगेच मागे निघालेल्या पोलिसाने पुढच्या गावात गाडी अडवणे न्यायालये सामान्यतः मान्य करतात. खरा मुद्दा उलट परिस्थितीत निर्माण होतो. मोजणीच हद्दीपलीकडे झाली असेल, म्हणजे पोलीस आपल्या गावात उभा राहून पुढच्या गावातल्या गाडीचा वेग मोजत असेल, तर समन्सवर लिहिलेले ठिकाण, मैलाचा दगड किंवा चौकाचे नाव आणि प्रत्यक्ष हद्दरेषा यांचा मेळ घालून पाहिला पाहिजे. उल्लंघन आपल्या हद्दीत घडले हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. व्यवहारात ती पोलिसाच्या साक्षीतील एका वाक्याने पार पडते, कारण त्या वाक्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत घ्यायचीच असेल तर ती काउंटीच्या किंवा नगरपालिकेच्या अधिकृत नकाशाच्या आधारे घ्यावी. फोनवरच्या नकाशाचे चित्र न्यायाधीशांपुढे धरून फारसे साधत नाही.

पोस्टाच्या पत्त्यावर तर अजिबात विसंबू नये. ‘प्रिन्स्टन’ असा पत्ता लिहिणारी अनेक घरे आणि कार्यालये वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्स या टाउनशिपमध्ये असतात. आपल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातले आयसेलिन ही नगरपालिकाच नव्हे. तो वुडब्रिज टाउनशिपचा भाग आहे, आणि ओक ट्री रोडवर खरेदी करत चालत जाणारा माणूस एडिसनमधून वुडब्रिजमध्ये कधी गेला हे त्याच्या लक्षातही येत नाही. मेटाचेन हे बरो चहूबाजूंनी एडिसनने वेढलेले आहे. केंडल पार्क आणि मॉनमथ जंक्शन ही दोन्ही नावे साउथ ब्रन्सविकच्या पोटातली आहेत, तर प्रिन्स्टन जंक्शन वेस्ट विंडसरमध्ये येते.

यांतला सर्वांत बोलका नमुना म्हणजे राज्यमार्ग २७. केंडल पार्कच्या परिसरात या रस्त्याच्या एका बाजूला मिडलसेक्स काउंटीतील साउथ ब्रन्सविक आहे आणि दुसऱ्या बाजूला सॉमरसेट काउंटीतील फ्रँकलिन टाउनशिप. म्हणजे रस्ता ओलांडला की केवळ गाव बदलत नाही, तर काउंटीही बदलते, आणि तिच्याबरोबर वरच्या न्यायालयाचे ठिकाणही. अपील साउथ ब्रन्सविकच्या प्रकरणात न्यू ब्रन्सविकला आणि फ्रँकलिनच्या प्रकरणात सॉमरव्हिलला जाईल. थोडे नैऋत्येला किंग्स्टन हे छोटे गाव याच दोन टाउनशिपमध्ये विभागलेले आहे आणि त्याला लागून मर्सर काउंटीतले प्रिन्स्टन सुरू होते. अशा ठिकाणी घडलेल्या प्रकरणात हद्दीचा मुद्दा तपासणे हा वकिलाचा चिकित्सकपणा नसतो, कर्तव्यच असते.

सीमारेषेवरच्या जागांसाठी कलम १२-१६ मध्ये एक महत्त्वाचे वाक्य आहे. एखादी वास्तू किंवा मिळकत अंशतः गावाच्या आत आणि अंशतः बाहेर असेल, तर ती त्या गावाच्या हद्दीतच धरली जाते. दुकानाचे दार एका गावात आणि मागचे गोदाम दुसऱ्या गावात असेल, किंवा अपार्टमेंटच्या संकुलातून हद्दरेषा जात असेल, तर दोन्ही गावांच्या न्यायालयांना तिथल्या प्रकरणाची अधिकारिता मिळते. नेमक्या कोणत्या फरशीवर उभे असताना वस्तू खिशात घातली, हा वाद त्यामुळे मिटतो. कलमाचा रोख मात्र वास्तू आणि मिळकतीवर आहे. तो ताणून सार्वजनिक रस्त्याला लावण्याचा प्रयत्न कोणी केला, तर त्याला विरोध करण्याला पुरेसा वाव आहे, असे माझे मत आहे.

दोन्ही गावांना अधिकार असेल तर दोघेही शिक्षा करतील काय, अशी शंका इथे हमखास येते. एकाच कृत्याबद्दल एकाच आरोपाखाली दोनदा शिक्षा होऊ शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये वॉलर विरुद्ध फ्लोरिडा या प्रकरणात असे ठरवले की, नगरपालिका आणि राज्य ही दोन वेगळी सार्वभौम सत्ताकेंद्रे नाहीत. नगरपालिकेचा सगळा अधिकार राज्याकडूनच आलेला असतो. त्याच न्यायाने, एकाच राज्यातल्या दोन शेजारी गावांनाही आपण स्वतंत्र सार्वभौम आहोत असे म्हणता येणार नाही. पण पहिल्या गावात वेगमर्यादा मोडली आणि दुसऱ्या गावात लाल दिवा ओलांडला, तर ती दोन कृत्ये आहेत. त्यांसाठी दोन तिकिटे आणि दोन तारखा येऊ शकतात. अशा वेळी दोन्ही गावांच्या म्युनिसिपल प्रॉसिक्युटरांशी, म्हणजे सरकार पक्षाच्या वकिलांशी, एकत्र बोलून एकाच तारखेला तोडगा काढता येतो का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

इतके सगळे असताना गावे सरसकट संयुक्त न्यायालये का स्थापन करत नाहीत, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ही रचना समजत नाही. एका गावाच्या न्यायालयाचा न्यायाधीश, जिथे महापौर-परिषद पद्धत आहे तिथे, महापौर परिषदेच्या संमतीने नेमतो आणि त्याची मुदत ३ वर्षांची असते. संयुक्त न्यायालयाचा न्यायाधीश मात्र राज्याचे गव्हर्नर सिनेटच्या संमतीने नेमतात. त्यात न्यू जर्सीची एक जुनी अलिखित प्रथा आड येते. उमेदवार ज्या काउंटीचा, तिथल्या सिनेटरने मनात आणले तर नेमणूक अडवून धरता येते. म्हणजे संयुक्त न्यायालय स्वीकारले की गावाच्या हातून नेमणुकीचा अधिकार जातो आणि जागा केव्हा भरेल याची शाश्वतीही जाते. सामायिक व्यवस्थेत इमारतीचा आणि पगाराचा खर्च वाचतो, आणि न्यायाधीश आपल्याच पसंतीचा राहतो. बहुतेक गावांना दुसरा पर्याय रुचतो, यात नवल नाही.

पैशाचा भागही डोळ्याआड करता येत नाही. वाहतूक कायद्याखालचा दंड साधारणपणे काउंटी आणि नगरपालिका यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. स्थानिक ऑर्डिनन्सखालचा दंड गावाकडे राहतो, आणि त्याखेरीज ३३ डॉलरपर्यंत न्यायालयीन खर्च लावता येतो. तीन वर्षांनी आपली फेरनेमणूक ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याच अंदाजपत्रकात आपण ठोठावलेला दंड जमा होतो, ही स्थिती न्यायाधीशासाठी निकोप नाही. मुख्य न्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांच्या काळात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये म्युनिसिपल कोर्टांच्या कारभाराबद्दल अहवाल दिला. त्यात या दडपणाची उघड चर्चा होती, आणि लहान न्यायालयांनी एकत्र यावे, असाही सूर होता. माझे स्वतःचे मत संयुक्त न्यायालयाच्या बाजूने आहे. नेमणुकीला उशीर होईल, पण आरोपीसमोर बसलेला न्यायाधीश कोणत्याही एका गावाच्या परिषदेचा मिंधा राहत नाही. नगरपालिकांचे वकील असलेले माझे काही सहव्यवसायी याच्याशी सहमत होणार नाहीत.

प्रश्नकर्त्यांनी प्रत्यक्ष काय करावे, याकडे वळतो. नोटिशीवरचा पत्ता, दिवस, वेळ आणि सुनावणी प्रत्यक्ष आहे की व्हिडिओवर, हे न्यायालयाच्या कार्यालयात फोन करून पडताळून घ्यावे. फोनवर आधी समन्सवरील गावाचे नाव सांगावे. सामायिक कार्यालयात पहिला प्रश्न तोच असतो, आणि चुकीच्या गावाच्या यादीत नाव शोधून ‘तुमचे प्रकरण इथे नाही’ असे उत्तर मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्या उत्तरावर निर्धास्त होऊन घरी बसलेल्या माणसाविरुद्ध गैरहजेरीबद्दल वॉरंट निघू शकते आणि वाहन परवानाही निलंबित होऊ शकतो. गावांमधला करार नुकताच सुरू झाला असेल किंवा संपला असेल, तर हा धोका जास्तच असतो, कारण जुन्या पत्त्याच्या नोटिसा काही काळ फिरत राहतात. ऑनलाइन दंड भरायचा असेल तर तिकिटावर छापलेला कोर्ट आयडीच वापरावा, इमारत ज्या गावात आहे त्याचा नव्हे. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय, आणि त्यानंतर अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढण्यात अर्थ उरत नाही.

तिकीट लढवायचे असेल, तर रडारची कागदपत्रे, पोलिसाच्या नोंदी आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण लेखी मागावे. सामायिक व्यवस्थेत दोन गावांचे प्रॉसिक्युटर वेगळे असू शकतात, म्हणून मागणी समन्सवरील गावाच्या प्रॉसिक्युटरकडे गेली पाहिजे. हद्दीबद्दलची हरकत साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच नोंदवावी. ती अखेरपर्यंत राखून ठेवून ऐनवेळी पुढे करण्याची कल्पना पुष्कळांना मोहक वाटते, परंतु न्यायाधीशांना ती मुळीच आवडत नाही. मराठी दुभाषा हवा असेल तर तोही त्याच वेळी मागावा. न्यायालय तो विनामूल्य देते, पण मराठीसाठी आगाऊ सूचना द्यावी लागते.

हरकत मान्य झाली तर काय होते, हे सुरुवातीला ओझरते सांगितले. राज्याच्या न्यायालयीन नियमावलीतील नियम १:१३-४ प्रमाणे, अधिकारिता नसलेल्या न्यायालयाने प्रकरण कागदपत्रांसह योग्य न्यायालयाकडे वर्ग करायचे असते, आणि पुढे ते जणू मुळातच तिथे दाखल झाले होते असे समजून चालवले जाते. बहुतेक साध्या वाहतूक उल्लंघनांसाठी समन्स ३० दिवसांत निघावे लागते, हे खरे आहे. म्हणून पुष्कळ जणांना वाटते की, चुकीच्या न्यायालयात दिवस गेले की मुदत संपली आणि आपण सुटलो. पहिले समन्स मुदतीत निघालेले असेल आणि प्रकरण वर्ग झाले असेल, तर हा युक्तिवाद टिकणे अवघड आहे. वर्ग न करता पोलिसाने जुने तिकीट मागे घेऊन नव्याने समन्स काढले, तर मात्र तारखा बारकाईने मोजाव्यात. तिथे कधीकधी खरोखर काही हाती लागते.

‘म्युनिसिपल’ या शब्दाने मात्र कोणी गाफील राहू नये. याच न्यायालयांत मद्यपान करून वाहन चालवल्याची प्रकरणे, छोट्या चोऱ्या आणि साधी मारहाण चालते. ज्यूरी नसते, आणि ६ महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसासाठी तर शिक्षेइतकाच तिचा स्थलांतर कायद्याखालचा परिणाम महत्त्वाचा असतो. अशा प्रकरणात हद्दीच्या मुद्द्यावर वेळ घालवण्यापूर्वी त्या विषयाच्या वकिलाचे मत घ्यावे, कारण शेजारच्या गावाकडे वर्ग झालेले प्रकरण आधीपेक्षा कडक प्रॉसिक्युटरच्या टेबलावर जाऊन पडू शकते.

निकाल विरोधात गेला तर त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये २० दिवसांत अपील करावे लागते. तिथे साक्षीदार पुन्हा बोलावले जात नाहीत. म्युनिसिपल कोर्टातील ध्वनिमुद्रणाच्या प्रतिलेखावरून न्यायाधीश नव्याने निर्णय देतात. म्हणून हद्दीचा नकाशा आणि त्यावरची हरकत खालच्या न्यायालयाच्याच नोंदीत असायला हवी. अपील करताना काउंटी समन्सवरील गावाची धरावी, न्यायालय ज्या इमारतीत भरते तिची नव्हे. दोन्ही गावे एकाच काउंटीत असतील तर याने काही फरक पडणार नाही, पण राज्यमार्ग २७ सारख्या ठिकाणी चुकीच्या काउंटीत कागद दाखल झाले तर २० दिवसांपैकी बरेचसे ते दुरुस्त करण्यातच जातील.